तीन विती, एक सूत

लाभपाचम

लिही. सगळ्यात आधी हे लिही की मला लिहिता येत नाही. नाहीतर उद्या कोणी वाचेल आणि म्हणेल, उजमबानं म्हातारपणी शाळेत नाव घातलं. आकडे येतात, ते बाजारानं शिकवले. अक्षरांच्या वाटेला मी गेले नाही, तीही माझ्या वाटेला आली नाहीत.

लिहिणारी माझी नात निराली. दिवाळीनंतर आज दुकान उघडलं, पेढे वाटले, आणि दुपारी कुलूप लावून माझा मुलगा जेंती आणि सून भानु झोपायला गेले. दुपारी राजकोटात कुत्रीसुद्धा झोपतात. तेव्हा ही पोरगी मांडीवर कॉम्प्युटर घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसली.

"मोटीबा, तू रोज थोडं थोडं बोल. मी टाइप करते. तुझी रोजनिशी."

"मी काय दिल्लीची राणी आहे? उठले, गाठिया खाल्ला, दाढ दुखली. झाली रोजनिशी."

"तेच सांग ना. स्वयंपाकघरात काय करतेस, कशी बसतेस, कुठली वस्तू कुठं हवी असते."

दाढ दुखते यात हिला गोडी नाही, मी बसते कशी यात आहे. टायपिंगचा सराव करायचा असेल. करू दे. मलाही ऐकणारं कोणी नको असं नाही.

आम्ही सुतार. हिचे आजोबा ———, त्यांचं नाव मी घेत नाही, निराली, तिथं मोकळी जागा सोड. सोडलीस? दाखव. एवढीशी? त्या माणसाला एवढ्याशा जागेत बसता आलं नसतं. तर ते झोपाळे आणि दरवाजे घडवायचे. त्याच दुकानात जेंती आता स्वयंपाकघरं विकतो. कपाटं यंत्रावर कापून येतात, ओट्याचा दगड मोरबीच्या बाजूनं येतो, आणि कुठं काय बसायचं ते ही पडद्यावर मांडते. खऱ्या लाकडाला हात लावणारा कारखान्यात एकच उरलाय, लाखाभाई. तोही जेवायच्या सुट्टीत मोबाइल बघतो.

आज एवढंच. दाढ दुखते, हे लिहिलंस ना?

सोमवार

आज हिचं काम बघितलं. पडद्यावर स्वयंपाकघर होतं. स्वच्छ, पुसलेलं, कोणी कधी न रांधलेलं. पण जिकडे तिकडे लाल आकडे. भिंतीवर, ओट्यावर, कपाटाच्या पोटात. प्रत्येक आकड्याच्या दोन्ही अंगांना रेघ, रेघेच्या टोकाला बाण. गुळाला मुंगळे लागावेत तसं.

"हे काय गं?"

"मापं."

"आठशे सदतीस, त्यापुढे टिंब, त्यापुढे आणखी काहीतरी. आठशे सदतीस काय? हात?"

"मिलिमीटर, मोटीबा."

"एवढ्या उंचावर रांधायला शिडी लागेल."

ती हसली आणि तिनं पडद्यावर एक लहानशी खिडकी उघडली. तिथं सगळं ठरवता येतं म्हणाली. माप कशात दाखवायचं, आकडा केवढा, रंग कुठला, रेघ भिंतीच्या आत की बाहेर, टिंबापुढचं दाखवायचं की नाही. आधी लालाचा निळा केला. मग माझ्या डोळ्यांसाठी आकडे मोठे केले. रेघा भिंतीबाहेर नेल्या, तेव्हा कुठं ओटा ओट्यासारखा दिसला. मग एकदाच काहीतरी दाबलं आणि आठशेचे एकदम तेहतीस झाले.

"अगं, ओटा बसला!"

"नाही गं. लाखाभाईंना इंच आणि सूत लागतात, इंचाचे आठ सूत. मिलिमीटर लिहिले की ते विचारतात, 'बेन, हे काय खोकल्याच्या औषधाचं माप आहे?' म्हणून कारखान्यासाठी इंचात दाखवते. दाखवायचं माप तेवढं बदललं. आतलं आहे तेवढंच असतं."

"म्हणजे तुझ्या बापासारखं," मी म्हटलं.

ती हसली. मग हसायची थांबली आणि माझ्याकडे बघत बसली. मी सहज बोलले होते.

गुरुवार

नवं गिऱ्हाईक आलंय, कच्छातल्या मांडवीचं. एवढ्या लांबून लोकांना आमचं दुकान कसं सापडतं कोण जाणे.

"नाव काय बाईचं?"

"विसरले."

"गिऱ्हाईकाचं नाव विसरणारी दुकानदारीण! बापाला सांगू?"

"पप्पांना नको," ही इतक्या घाईनं म्हणाली की मला गंमत वाटली.

मांडवीच्या बाईला ओटा उंच हवाय, सदतीस इंचाच्या आसपास. मी म्हटलं, बाई आहे की गलबताची डोलकाठी? आणि त्या उंच ओट्याला लागून, खिडकीखाली, एक बुटका ओटा. बसून रांधायचा.

"हा कोणासाठी?"

"त्यांच्याकडे एक म्हातारी येणार... आहे. म्हणजे असते."

सासू असणार. कुठल्या नक्षत्रावर जन्मली असेल ती सासू! निराली विचारायला लागली, अशा म्हाताऱ्या बाईला काय काय लागेल? मला काय, फुकटचा सल्ला द्यायला आवडतो. खिडकी डाव्या हाताला ठेव, पिठावर हाताची सावली पडायला नको. खाली कपाट नको, मोकळं ठेव, गुडघे आत गेले पाहिजेत. गुडघे गेलेल्या बाईला जमिनीवर बसवत नाही आणि उभंही राहवत नाही, तिला बसायला वेताचा बुटका मुढा लागतो. आणि वरची फळी भरीव लाकडाची कर. बाजरीचा रोटला हातावर थापून मग खाली टेकवताना पोकळ आवाज आला तर हाताचा ताल जातो. हे सगळं तिनं लिहून घेतलं. इकडे नाही, दुसरीकडे कुठंतरी.

रात्रीचं ताट वाढताना मी भानूला म्हटलं, "मांडवीला एक सून आहे. सासूला वेगळा ओटा करून देते."

"बा," भानु म्हणाली, "आपला अख्खा ओटा तुमच्या चार विती आहे. लग्न झाल्यापासून मी वाकून रांधतेय. माझी कंबर कुठल्या गावच्या सासूला दाखवू?"

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, तिचं बरोबर आहे. यांनी तो ओटा माझ्या मापानं केला होता, माझ्यानंतर कोण रांधणार याचा विचार न करता. जेंती ताटातून मान वर करत नव्हता. खिचडीत खडा शोधत असेल.

शनिवार

आजची मजा ऐक. ऐकतेसच म्हणा, लिही.

मांडवीची बाई म्हणे मापं इंचात नको, वितीत दाखवा.

"तिला इंच कळत नाहीत?"

"कळतात. पण म्हणाल्या, वितीतच हवं."

त्या खिडकीत स्वतःचं माप भरायची सोय आहे. नाव काय आणि लांबी किती, एवढं सांगायचं, मग सगळं घर त्यात मोजून दाखवतं. निराली टेप घेऊन आली, माझा उजवा हात खाटेवर पसरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत टेप लावली. साडेसात इंच. दोनदा मोजलं.

"गिऱ्हाईक मांडवीचं आणि वीत माझी?"

"त्या म्हणाल्या, घरातल्या म्हाताऱ्या बाईची घे."

"मांडवीतल्या म्हाताऱ्या संपल्या?"

आकड्यापुढे 'वीत' अशी अक्षरं घालायच्या जागी तिनं एक चित्र घातलं. पसरलेला हात. एवढासा, पिवळा.

"हे का?"

"तुला वाचता यावं म्हणून."

"गिऱ्हाईकाचा कागद मला वाचता यायची काय गरज?"

"चहा उतू जातोय," म्हणून ती उठून गेली. चहा ठेवलाच नव्हता.

मी एकटी पडद्यासमोर बसले. खिडकीखालच्या ओट्याला तीन, पुढे हात. खिडकीला सहा, पुढे हात. मोठ्या ओट्याला पाच, पुढे हात. एवढ्या वर्षांत लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी, देवळातली पाटी, सगळं मला कोणीतरी वाचून दाखवलं. आज एक अख्खा कागद मी माझा वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

ती परत आली तेव्हा म्हटलं, "मोठा ओटा बरोबर पाच विती?"

"एक बोट कमी आहे. टिंबापुढचं बंद केलंय, म्हणून दिसत नाही."

"मग ते बोट गेलं कुठं?"

"आत आहे, मोटीबा. दिसत नाही एवढंच."

देवदिवाळी

आज सगळीकडे पणत्या. हिला तेवढ्यात आठवलं, "मोटीबा, कंकुफई किती उंच होती गं?"

फई म्हणजे हिची आत्या. माझी मुलगी.

"होती? आहे," मी म्हटलं.

हे जेंतीला वाचून दाखवू नकोस. कंकु बापावर गेली. चौदाव्या वर्षी माझ्या डोक्यावरून पलीकडचं तिला दिसायचं. आमच्या ओट्याशी उभी राहिली की पाठीची कमान व्हायची. दर दिवाळीला ती मधल्या दाराला पाठ लावून उभी राहायची आणि मी तिला मोजायची, टाचेपासून वर विती घालत. शेवटच्या वितीला मला पाटावर चढावं लागायचं. ती म्हणायची, "बा, तुझा हात आहे एवढाच राहू दे. मी केवढी झाले ते मला त्यावरून कळतं."

वेरावळच्या एका खारव्याच्या, म्हणजे दर्यावर्दी माणसाच्या, मुलाशी तिनं लग्न केलं. तो समुद्रकाठी गलबतं बांधायचा. म्हणजे लाकडातलाच. पण आमच्यातला नाही. त्या दिवसापासून यांनी घरात तिचं नाव बंद केलं. नाव न घेण्याची मला सवय होतीच. एक नाव मान म्हणून घेत नव्हते, दुसरं घेऊ देत नव्हते.

मग हे गेले. कंकूला कळवायचं राहिलं, असं जेंती म्हणाला. मी खुण्यात बसले होते. आमच्यात नवरा गेला की बाईनं कोपरा धरायचा, दारात यायचं नाही. एका दुपारी बाहेरून आवाज आला. "बा आहे का?" एवढाच. जेंती म्हणाला, "बा खुण्यात आहे." मी कोपऱ्यातून पितळी लोटी खाली टाकली. मुद्दाम टाकली. ती घरंगळत पार भिंतीपर्यंत गेली, केवढा आवाज झाला. आत कोणीतरी आहे आणि ते ऐकतंय, एवढं तिला कळावं म्हणून. मग पायऱ्यांवरून चपला उतरल्याचा आवाज आला.

तिला लोटी ऐकू गेली असेल का, कोण जाणे. अजूनही भांडं पडलं की मी दाराकडे बघते. भानूला वाटतं, मी तिच्यावर डोळे वटारते.

लिही ना, थांबलीस का?

"लिहितेय," म्हणते. टकटक तर ऐकू येत नाही.

मार्गशीर्ष, थंडीचा गुरुवार

फार काही नाही. भानूनं थंडीसाठी उडदाच्या पिठाचा अडदिया केला. साखर जास्त, डिंक कमी. मी तीन खाल्ले, तक्रार करायला पुरावा हवा.

जेंती सकाळी खाटेपाशी येऊन उभा राहिला. "बा, गुडघे कसे आहेत?"

"दोन आहेत."

"बसमध्ये पाच-सहा तास बसवेल का तुला?"

"कुठं नेतोस? द्वारकेला?"

"नाही. सहज विचारलं."

सहज कोणी म्हातारीला बसचं विचारतं? याला हल्ली झालंय काय कळत नाही. काल दुकान बंद झाल्यावर कारखान्यात जाऊन स्वतः पॉलिश करत बसला होता म्हणे. मांडवीच्या ऑर्डरचं. मालकच असं करायला लागला तर लाखाभाई काय करणार, मोबाइल बघणार.

रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिही. 'हे नको लिहू' असं मी मध्ये म्हटलं तर तेही लिही. नाहीतरी तू लिहितेसच, मला काय कळणार.

मांडवीचा माल थोड्याच दिवसांत टेम्पोत चढायचा होता. निराली म्हणाली, "मोटीबा, कारखान्यात चल. त्या बुटक्या ओट्याशी एकदा बसून बघ. म्हातारीला म्हातारीच सांगेल."

गेले. मुढ्यावर बसले, ओट्यावर हात ठेवले आणि माझे खांदे कानांना लागले.

"लाखाभाई, हा ओटा आहे की कथेकऱ्याचं आसन?"

"का बा? कागदाप्रमाणेच केलंय." त्यानं खिशातून घडी काढली. "हे बघा, तीन आणि पुढे हात. मी म्हटलं, चला, शेवटी या कॉम्प्युटरनं माणसाचं माप लिहिलं! घातल्या तीन विती." आणि त्यानं हात पसरून दाखवला. हात कसला, सूपच ते. त्यात माझा सव्वा हात मावला असता.

निरालीनं कपाळावर हात मारला. गिऱ्हाईकाचा कागद वितीत छापला, आणि कारखान्याचा छापायच्या आधी परत इंच-सूत करायचं राहून गेलं. यंत्रावर कापलेली कपाटं बरोबर आली, कारण यंत्र आतलं माप वाचतं, दाखवलेलं नाही. हा एकच ओटा लाखाभाईनं कागद बघून केला होता.

"अहो, पण तुमची वीत कशी घातलीत?"

"मग कोणाची घालू? कागदावर हाताचं चित्र आहे. चित्राला नाव कुठंय?"

"मोटीबाची! मोटीबाची वीत आहे ती! हा ओटा मोटीबासाठी—"

आणि ती थांबली.

करवत बंद झाली. लाखाभाई स्वतःची नखं बघायला लागला. दाराशी जेंती उभा होता, हातात पॉलिशचं फडकं. त्यानं "कोणासाठी?" असं विचारलं नाही. मला ते नंतर आठवलं. त्यानं विचारायला हवं होतं ना?

मी खाली वाकले. ओट्याच्या पायाला तळापासून हात लावला. एक. दोन. तीन. तिसऱ्या वितीच्या वर लाखाभाईचं बरंच लाकूड उरलं.

"इथून काप," मी म्हटलं.

लाखाभाईच्या आधी जेंती पुढे आला. कानावरची पेन्सिल काढली, गुडघ्यावर बसला आणि माझ्या करंगळीच्या टोकाशी खूण केली. खूण जरा वाकडी आली. कारखान्यात थंडी फार आहे.

सोमवार

आज दुपारी आम्ही दोघी गप्प. तिला भीती, मला सगळं कळलं. मला भीती, मला कळलंय ते माझ्या तोंडावर दिसेल. म्हणालीस ना तू, आतलं आहे तेवढंच असतं.

शेवटी मीच विचारलं. "मांडवीची बाई किती उंच आहे?"

"दाराच्या चौकटीला डोकं लागतं त्यांचं."

"चौकटी बुटक्या असतील तिकडच्या."

"हो."

"वेरावळ सोडलं का तिनं?"

"केव्हाच. नवऱ्याचं काम मांडवीला आहे. मोठी गलबतं तिथं बांधतात." मग खालच्या आवाजात, "तिनं मला फोन केला, मोटीबा. दुकानाच्या पाटीवरचा नंबर शोधून. म्हणाली, स्वयंपाकघर करायचंय, आणि बा कशी बसते ते मला आठवत नाही. तू बघून सांग."

आठवत नाही, म्हणाली. मला तिची वीत न् वीत आठवते.

हे लिहू नकोस.

उत्तरायणच्या आधीचा दिवस

टेम्पो पहाटे गेला. बसवायला लाखाभाई सोबत गेला. मी आंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून झोपाळ्यावर बसले.

"बा, आज कुठं?" जेंती म्हणाला.

"मांडवीला. ओटा तीन विती भरतो का बघायला."

"लाखाभाई बघेल."

"लाखाभाईच्या वितीनं काय झालं ते बघितलंस ना?"

"तुझं माप आहे कॉम्प्युटरमध्ये."

"मग कॉम्प्युटरच रोटले थापेल."

तो दुकानाच्या किल्ल्यांशी खेळत राहिला. भानु ओट्याशी वाकून पोळ्या लाटत होती, लाटायची थांबली.

"तू चल," मी म्हटलं.

"दुकान आहे."

"उद्या उत्तरायण. उद्या कोण स्वयंपाकघर घ्यायला येतंय? सगळं राजकोट पतंग उडवायला गच्चीवर असणार."

"तू जा, बा," तो म्हणाला. "निराली, खिडकीजवळची जागा घे हिला."

एवढंच. पण पिशवी उघडली तर आत गुडघ्याचं तेल, माझे लोकरीचे मोजे आणि अडदियाचा डबा. डबा एकटीपुरता नव्हता. भानूनं भरला असेल. भानु म्हणते, मी नाही.

मांडवी, वासी उत्तरायण

आज लिहिणारी बदलली आहे. टकटक नाही, पेन आहे. जी लिहिते तिला सांगितलंय, कागद भिजवलास तर पुन्हा लिहायला लावीन.

परवा पोचलो, काल उत्तरायणच्या दिवशी लाखाभाईनं ओटे बसवले. वाटेत सुरजबारीच्या पुलावर पांढरं मीठ लांबवर पसरलेलं, मला वाटलं कोणी धुणं वाळत घातलंय. गल्लीत शिरलो तेव्हा दारात एक बाई उभी होती. केस माझ्यापेक्षा थोडेच काळे. चौकटीबाहेर होती तरी मान वाकवून उभी, सवयीनं. मी पायरीशी थांबले. निराली मध्येच काहीतरी बडबडत होती, बसचं, टेम्पोचं.

"बा," ती बाई म्हणाली, "त्या दिवशी लोटी तू पाडलीस ना?"

"हातातून निसटली."

"एवढी लांब?"

"पितळ चांगलं होतं."

पुढचं लिहायचं नाही. ते तिला आणि मला माहीत आहे.

आज सकाळी नव्या ओट्याशी बसले. खिडकी डाव्या हाताला. बाहेर अर्धं बांधलेलं गलबत, नुसत्या फासळ्या, आणि त्यावर कटून आलेले पतंग अडकलेले. रोटला टेकवला तर आवाज भरीव. माझ्या बाजूला कंकु मोठ्या ओट्याशी उभी राहून रिंगणाचा ओळो, म्हणजे वांग्याचं भरीत, ढवळत होती, आणि तिची पाठ सरळ होती. तिला रांधताना सरळ पाठीनं मी कधी पाहिलंच नव्हतं. बघत बसले तर तव्यावरचा रोटला करपला. तो लाखाभाईला दिला.

मग मी उठले आणि ओटा मोजला. एक, दोन, तीन. पुन्हा मोजला. सगळे माझ्या हाताकडे बघत होते.

"बरोबर आहे ना, बा?"

"नाही. एक सूत उंच आहे."

निरालीनं कॉम्प्युटर उघडला. "मोटीबा, पडद्यावर बरोबर तीन आहे."

"तुझ्या पडद्यावर टिंबापुढचं दिसतं कुठं?"

ती मला काही सांगणार होती, पण माझ्याकडे बघून तिनं कॉम्प्युटर मिटला. लाखाभाई वाकला, ओट्यावरून तळवा फिरवला, एक डोळा मिटून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "बा म्हणते तर असेल," तो म्हणाला. "पण माझा रंधा मी राजकोटलाच विसरलो."

रंधा त्याच्या पिशवीतून बाहेर डोकावत होता.

मी म्हटलं, जेंतीला फोन लाव. निरालीनं लावला आणि माझ्या कानाशी धरला. तिकडून गच्चीवरचा कल्ला ऐकू येत होता.

"जेंती, ओटा एक सूत उंच झालाय."

"लाखाभाईला दे फोन."

"त्याचा रंधा राहिलाय तिकडे."

"तिथं कोणाकडेतरी असेल, बा. गलबतं बांधणारं गाव आहे."

"गलबताचा रंधा माझ्या ओट्याला लावू? सुताराच्या घरातली मी."

इकडे मोठ्या ओट्यावरचा पळीचा आवाज थांबला. मग त्यानं विचारलं, "कुठल्या बाजूला उंच आहे?"

"डाव्या."

"नक्की?"

"माझ्या हाताला कळतं."

मागं कोणीतरी पतंग कापला, मोठी आरोळी उठली. ती खाली बसल्यावर त्याचा आवाज आला, "बापुजींचा रंधा आहे घरी. तो घेऊन येतो. परवा."

"उद्या ये. खांदा दुखतो मला."

"उद्या येतो."

फोन ठेवला. कंकूनं हात पदराला पुसले, पेन घेतलं आणि इथं माझ्याजवळ मुढ्यावर येऊन बसली. बसली तरी माझ्याहून उंच. एवढं सगळं लिहून झाल्यावर तिनं ओट्याला आपला हात लावला, मग माझा धरून लावला, आणि मला विचारलं, "बा, खरंच उंच आहे का गं?"

तू लिही. टिंबापुढचं लिहू नकोस.